जुना ईपीबीएक्स उतरवून आयपी फोन बसवताना: नाशिकच्या कंपन्यांसाठी पायरी-पायरीनं

अंबडमधल्या एका कारखान्यात जिन्याखालच्या अरुंद खोलीत ईपीबीएक्सचा, म्हणजे कंपनीतले फोन आपसात आणि बाहेरच्या लाइनींशी जोडणाऱ्या जुन्या यंत्राचा, राखाडी डबा भिंतीवर टांगलेला होता. झाकणाच्या आतल्या बाजूला ऑपरेटर मॅडमनी बॉलपेननं लिहिलेली एक्स्टेन्शनची यादी चिकटवलेली. २१ स्टोअर, २२ क्वालिटी, ३४ वजनकाटा, आणि ३७ च्या पुढं नावच नाही. ३७ फिरवला की घंटा जात होती, पण ती कुठं वाजते ते कुणाला सांगता येईना. शेवटी मी नंबर फिरवत राहिलो आणि मेंटेनन्सचा मुलगा कान देत शेडभर हिंडला. फोन सापडला जुन्या पेंट शॉपमध्ये, रिकाम्या ड्रमांच्या मागं. रात्रपाळीचा कॉम्प्रेसर ऑपरेटर काही बिघडलं की त्याच फोनवरून गेटवर निरोप द्यायचा. दिवसा काम करणाऱ्या एकाही माणसाला हे ठाऊक नव्हतं.

आम्ही थेट नवा आयपी पीबीएक्स (तेच काम संगणकाच्या नेटवर्कवरून करणारं यंत्र) लावून जुना डबा उतरवला असता, तर तो फोन मुका झाला असता आणि ते कळायला एखादी वाईट रात्र यावी लागली असती. टेलिफोन सिस्टीम बदलताना नवं यंत्र निवडणं हा सोपा भाग आहे. कस लागतो तो वायरिंगमध्ये, विजेच्या सोयीत आणि कुठंही न लिहिलेल्या अशा सवयी शोधण्यात. म्हणून या लेखात यंत्राबद्दल कमी आणि बाकीच्याबद्दल जास्त लिहिलं आहे.

बदल कधी करायचा

सातपूर, अंबड, सिन्नर इथल्या अनेक कंपन्यांत पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे ईपीबीएक्स अजून चालतात. यंत्रं दणकट आहेत, त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. अडचण सुट्या भागांची असते. एक्स्टेन्शन कार्ड जळलं की तेच कार्ड बाजारात मिळत नाही आणि दुसऱ्या कंपनीच्या भंगारातल्या मशीनमधलं काढून लावावं लागतं. प्रोग्रॅमिंग येणारा माणूस निवृत्त झालेला असतो. तांब्याची बाहेरची लाइन पावसाळ्यात खरखरते, आणि लाइनमन यायला आता पूर्वीपेक्षा जास्त वाट बघावी लागते.

तुमच्याकडे यातलं काहीच होत नसेल, आठ-दहा एक्स्टेन्शन असतील आणि माणसं समाधानी असतील, तर घाई करू नका. पण कार्ड एकदा जरी उधार-उसनं आणावं लागलं असेल, तर ही सूचना समजा. मशीन पूर्ण बंद पडल्यावर केलेला बदल नेहमी महाग आणि अर्धवट होतो.

तारीख निवडताना आपल्या धंद्याचं वर्ष बघा. पिंपळगाव-ओझर पट्ट्यातल्या द्राक्षांच्या पॅकहाउसनं फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये फोनला हात लावू नये. कारखान्यांनी मार्चअखेर टाळावी. पंचवटीतल्या लॉज-हॉटेलवाल्यांनी २०२७ च्या सिंहस्थाच्या गर्दीआधी निदान सहा महिने हे काम संपवलेलं बरं. नव्या सिस्टीमचे खरे दोष पहिल्या दोन-तीन महिन्यांत बाहेर येतात, ते त्या गर्दीत यायला नकोत.

पहिली पायरी: वही घेऊन सगळी जागा फिरा

या पायरीला किमान दोन दिवस द्या. त्यातली एक चक्कर रात्रपाळीत मारा.

प्रत्येक फोनपाशी जा, उचला, डायल टोन ऐका, तिथून स्वतःच्या मोबाइलवर फोन करून बघा. वहीत लिहा: एक्स्टेन्शन नंबर, जागा, कोण वापरतं, बाहेर फोन करायची मुभा आहे का, जवळ लॅन पॉइंट आहे का, जवळचा नेटवर्क स्विच किती अंतरावर आहे. अंतर डोळ्यांनी अंदाजे लिहू नका. केबल भिंतीवरून, ट्रेमधून, वळणं घेत जाते, त्यामुळे सरळ ६० मीटर दिसणारी जागा केबलच्या हिशोबात ९० होते.

मग वापरणाऱ्यांना विचारा, "तुम्ही या फोनवरून रोज काय करता?" या प्रश्नावर मिळणारी उत्तरं कुठल्याच मॅन्युअलमध्ये नसतात. साहेब आणि त्यांची सेक्रेटरी यांच्यात थेट घंटी असते. डिस्पॅचचा फोन तीन घंट्यांनंतर स्टोअरला जातो. संध्याकाळी सहानंतर बाहेरचे सगळे फोन गेटवर वाजतात. ही नाइट सर्व्हिस कुणीतरी कधीतरी प्रोग्रॅम केलेली असते आणि ती आहे हे सगळे विसरलेले असतात.

यानंतर अशा गोष्टी शोधा ज्या फोनसारख्या दिसत नाहीत पण फोनच्या वायरवर जगतात. शॉपफ्लोअरवरच्या घोषणेचा अ‍ॅम्प्लिफायर ईपीबीएक्सच्या पेजिंग पोर्टला जोडलेला असतो. लिफ्टमधला फोन, फायर पॅनेलचा ऑटो-डायलर, मुख्य दाराचा डोअरफोन, अकाउंट्समधलं फॅक्स मशीन. लिफ्ट आणि फायर पॅनेल यांच्या बाबतीत हयगय नको. ते दोन्ही नवी सिस्टीम सुरू झाल्यावर स्वतः तपासा, कुणाच्या सांगण्यावर विसंबू नका.

शेवटी एमडीएफ, म्हणजे सगळ्या फोनच्या तारा जिथं एकत्र येतात ती पेटी, उघडा. टॉर्च लागेल. क्रोन मॉड्यूलवर (तारा खोचायच्या पट्ट्यांवर) जंपरचं, म्हणजे जोडतारांचं, जाळं असेल, तारांच्या निम्म्या जोड्या मृत असतील. टेस्ट फोन लावून एकेक जोडी ऐका आणि जिवंत जोडीला मार्करनं खूण करा. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, आधी आणि नंतर. पुढं जेव्हा काही बंद पडेल तेव्हा हेच फोटो कामाला येतात.

ईपीबीएक्सला कॉलची नोंद छापणारा पोर्ट असेल तर महिनाभराचा डेटा काढून घ्या. एका वेळी जास्तीत जास्त किती लाइनी गुंतल्या होत्या, हा एकच आकडा त्यातून हवा आहे.

दुसरी पायरी: बाहेरची लाइन आणि जुना नंबर

बहुतेक मध्यम कंपन्यांकडे काही साध्या अ‍ॅनालॉग लाइनी किंवा एक पीआरआय (एकाच जोडणीवर अनेक कॉल नेणारी डिजिटल लाइन) असते. पीआरआयवर एका वेळी ३० कॉल चालतात आणि सोबत सहसा १०० नंबरांची मालिका मिळते. नव्या व्यवस्थेत त्या जागी एसआयपी ट्रंक येतो, म्हणजे नेटवर्कवरून कॉल नेणारी बाहेरची जोडणी. तो फायबरवरून येतो आणि चॅनेल (एका चॅनेलवर एका वेळी एक कॉल) लागतील तेवढेच घेता येतात: १०, १५, २०.

इथं जुन्या नंबराचा प्रश्न निघतो आणि तो पैशाइतकाच भावनेचाही असतो. ०२५३ नंतरचा सात आकडी नंबर वीस-तीस वर्षं लेटरहेडवर, पाट्यांवर, गिऱ्हाइकांच्या डायरीत असतो. मोबाइल नंबर जसा एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडं नेता येतो, तसा लँडलाइनचा नेता येत नाही. म्हणून सगळ्यात आधी सध्याच्याच ऑपरेटरला विचारा: आहे तीच नंबर मालिका एसआयपी ट्रंकवर देता का? उत्तर लेखी घ्या. जमत असेल तर तोच मार्ग धरा, महिन्याचं भाडं थोडं जास्त असलं तरी. जमत नसेल तर जुन्या लाइनींपैकी मुख्य नंबराच्या एक-दोन ठेवा, गेटवेमार्फत (जुनी लाइन आयपीशी जोडणाऱ्या डब्यातून) नव्या सिस्टीमला जोडा आणि वर्षभर दोन्ही नंबर छापत राहा.

ट्रंकच्या अर्जासाठी पॅन, जीएसटी प्रमाणपत्र, पत्त्याचा पुरावा, सही करणाऱ्याचं अधिकारपत्र अशी कागदपत्रं लागतात. ती आधीच जमवून ठेवा, कारण बऱ्याचदा दोन-तीन आठवडे त्यातच जातात.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण यात लोक अजाणता अडकतात. दुसऱ्या शहरातून किंवा परदेशातून इंटरनेटवर आलेला कॉल आपल्या इथल्या लाइनीवर चढवून स्थानिक कॉल म्हणून बाहेर सोडणं आपल्याकडे बेकायदेशीर आहे. त्याला टोल बायपास म्हणतात. "एसटीडीचा खर्च वाचवून देतो" असं म्हणून कुणी अशी जोडणी सुचवली तर त्याला दारातूनच परत पाठवा. नाशिक आणि पुण्याच्या शाखा आपसात आयपीवर बोलायच्या असतील तर ट्रंक देणाऱ्या परवानाधारक कंपनीकडून लेखी खुलासा घेऊनच जोडणी करा. घरून काम करणारे ऑफिसचं एक्स्टेन्शन ज्या मोबाइल अ‍ॅपवर चालवतात त्यालाही हेच लागू.

तिसरी पायरी: किती चॅनेल, किती इंटरनेट

हे गणित सोपं आहे. कॉलच्या नोंदीत एका वेळी जास्तीत जास्त ९ लाइनी गुंतलेल्या दिसल्या, तर १२ चॅनेल घ्या. ६० एक्स्टेन्शन आहेत म्हणून ६० चॅनेल कुणालाच लागत नाहीत.

जी.७११ कोडेकमध्ये (आवाज आकड्यांत बदलण्याच्या नेहमीच्या पद्धतीत) आवाजाचे ६४ केबीपीएस असतात, त्यावर पॅकेटचं (नेटवर्कवर तुकड्या-तुकड्यानं जाणाऱ्या आवाजाच्या वेष्टनाचं) ओझं धरलं की एका कॉलला एका दिशेनं साधारण ८५ ते ९० केबीपीएस लागतात. १२ कॉल म्हणजे जेमतेम १.१ एमबीपीएस. वेग हा इथं प्रश्नच नाही. प्रश्न असतो तो पॅकेट वेळेवर आणि ओळीनं पोचण्याचा. एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत, जिटर (उशिरातला चढउतार) ३० च्या आत आणि पॅकेटची गळती एक टक्क्याच्या आत असावी. यापलीकडं गेलं की आवाज तुटतो आणि माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलायला लागतात. म्हणून ३०० एमबीपीएसच्या जाहिरातीला भुलू नका. ट्रंकसाठी ऑपरेटरची वेगळी लिंक मिळत असेल तर ती घ्या. आणि रस्त्यांची खोदाई चालू असताना फायबर तुटतं हे गृहीतच धरा. दुसऱ्या कंपनीची, शक्यतो दुसऱ्या रस्त्यानं येणारी लाइन पर्यायी म्हणून ठेवा, आणि मुख्य नंबर एका मोबाइलवर वळवण्याची सोय ट्रंकवर आधीच मागून घ्या.

चौथी पायरी: वायर

इथं रेंगाळतो, कारण मी पाहिलेल्या दहा तक्रारींपैकी बहुतेक इथंच उगम पावलेल्या असतात.

जुन्या फोनला दोन तारा पुरतात, आणि त्या दोन तारांवर अ‍ॅनालॉग फोन किलोमीटरभर लांबही चालतो. आयपी फोनला कॅट-५ई किंवा कॅट-६ ची चार जोड्यांची नेटवर्क केबल लागते आणि तिची मर्यादा १०० मीटर. ऑफिसच्या इमारतीत हे जमून जातं. पण एमआयडीसीतल्या प्लॉटवर गेट एका टोकाला, वजनकाटा दुसऱ्या टोकाला आणि कॅन्टीन मागच्या भिंतीला असतं.

अशा लांबच्या जागांसाठी माझं मत पक्कं आहे: तिथला साधा फोन आणि जुनी तांब्याची जोडी तशीच राहू द्या. एफएक्सएस गेटवे नावाचा डबा मिळतो, ४, ८, २४ पोर्टांचा. एका बाजूनं तो आयपी पीबीएक्सशी बोलतो आणि दुसऱ्या बाजूनं जुन्या फोनला डायल टोन आणि घंटा देतो. वॉचमनला नवा फोन शिकवायला नको आणि दीडशे मीटर खोदकामही वाचतं. पेंट शॉपमधला तो ३७ नंबर आम्ही असाच जिवंत ठेवला.

मात्र मोकळ्या जागेतून जाणारी तांब्याची जोडी पावसाळ्यात वीज आत ओढून आणते. क्रोन मॉड्यूलवर बसणारे सर्ज प्रोटेक्टर मिळतात, ते प्रत्येक बाहेरच्या जोडीला लावा आणि त्यांची अर्थिंग खऱ्या अर्थ पिटपर्यंत न्या. एका कंपनीत प्रोटेक्टर बसवले होते पण अर्थची तार रॅकच्या रंगवलेल्या पत्र्याला स्क्रूनं आवळून सोडली होती. जून महिन्यातल्या एका संध्याकाळी गेटवेचे आठ पोर्ट गेले. रंग खरवडून, थिंबल लावून तार पिटला नेल्यावर पुढच्या पावसाळ्यात काही झालं नाही.

दोन इमारतींमध्ये नेटवर्क जोडायचं असेल तर तांबं नको, फायबरच टाका. काचेतून वीज येत नाही. अंतर ४० मीटर असलं तरी हाच नियम.

शॉपफ्लोअरवर कॅट-६ ची केबल पॉवर केबलच्या ट्रेमध्ये टाकू नका. व्हीएफडी (मोटारचा वेग बदलणारं यंत्र) आणि वेल्डिंग मशीनच्या शेजारून जाणारी केबल टेस्टरवर पास होते आणि मशीन सुरू झालं की फोन सारखा रजिस्टर-अनरजिस्टर होत राहतो, म्हणजे पीबीएक्सशी जोडला जाऊन तुटत राहतो. वेगळा ट्रे किंवा अर्थ केलेला जीआय पाइप वापरा.

आणखी एक धोका बारीक आहे, पण महाग पडतो. जुन्या फोनचा आरजे-११ प्लग नेटवर्कच्या आरजे-४५ सॉकेटमध्ये बेमालूम शिरतो. त्या जोडीवर ४८ व्होल्ट डीसी असतात आणि घंटा वाजताना सत्तर-पंचाहत्तर व्होल्ट एसी येतात. दोन्ही सिस्टीम शेजारी चालू असण्याच्या काळात कुणी चुकून जुनी लाइन स्विचच्या पोर्टमध्ये खोचली आणि कुणी तो नंबर फिरवला, तर पोर्ट जळू शकतो. त्या काळापुरते जुन्या पॉइंटना लाल आणि नव्यांना निळे स्टिकर लावा.

पाचवी पायरी: वीज

महावितरणची वीज गेली तरी जुना फोन चालायचा, कारण त्याला वीज ईपीबीएक्सच्या बॅटरीतून, त्याच दोन तारांवरून मिळायची. माणसांना ही सवय इतकी अंगवळणी पडलेली असते की ती कुणी मागणीत लिहीत नाही. आयपी फोनला वीज नेटवर्क स्विच देतो, पीओईनं, म्हणजे नेटवर्कच्याच केबलवरून. स्विच बंद तर मजल्यावरचे सगळे फोन बंद.

म्हणून सर्व्हर रूमचा यूपीएस पुरेसा नाही. प्रत्येक मजल्यावरचा पीओई स्विच, फायबरचा ओएनटी (फायबर जिथं संपतं तो डबा), राउटर, गेटवे, वाटेतला मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल जोडणारा डबा), या साखळीतल्या एकूण एक डब्याला बॅकअप हवा. कागदावर साखळी काढा आणि प्रत्येक डब्यापुढं "वीज कुठून?" लिहा. एखादा मीडिया कन्व्हर्टर हमखास टेबलाखालच्या साध्या प्लगवर सापडतो.

हिशोब असा करा. आयपी फोन ४ ते ७ वॉट खातो. २४ फोनांचा स्विच धरून साधारण १५० वॉट, बाकीचे डबे मिळून ५०, म्हणजे २०० वॉट. १२ व्होल्ट १५० एएचच्या बॅटरीत कागदावर १,८०० वॉट-तास असतात. इन्व्हर्टरचा तोटा आणि बॅटरी तळापर्यंत न उतरवण्याची काळजी धरली तर हजार-अकराशे हाती लागतात, म्हणजे पाच तास. ऑफिसला पुरेसं आहे. इस्पितळ असेल तर जनरेटरच्या लाइनीवर घ्या आणि जनरेटर उचलेपर्यंतच्या मधल्या सेकंदांसाठी यूपीएस ठेवाच.

स्विच घेताना पोर्टांची संख्या बघून थांबू नका, त्याचं एकूण पीओई बजेट वॉटमध्ये बघा. त्याच स्विचवर पुढं कॅमेरे आणि वायफायचे अ‍ॅक्सेस पॉइंट चढवले जातात आणि मग एखादा फोन अधूनमधून आपोआप रीस्टार्ट व्हायला लागतो.

सहावी पायरी: नेटवर्क आणि यंत्र

फोनांना वेगळं व्हीलॅन (त्याच स्विचवरचं स्वतंत्र आभासी नेटवर्क) द्या आणि स्विच-राउटरवर आवाजाच्या पॅकेटना प्राधान्य द्या, त्याची सेटिंग ईएफ म्हणजे डीएससीपी ४६. हे केलं की अकाउंट्समधली मोठी फाइल चढत असतानाही बोलणं तुटत नाही. बऱ्याच राउटरवर एसआयपी एएलजी नावाची सोय आधीपासून चालू असते. नावावरून ती मदतीची वाटते, पण "आमचा आवाज पलीकडं जातो, त्यांचा येत नाही" या तक्रारीमागं पुष्कळदा तीच असते. ती बंद करा.

यंत्रावर फार वेळ घालवू नका. अ‍ॅस्टेरिस्कवर उभारलेली मोफत प्रणाली, तयार आयपी पीबीएक्सचा डबा किंवा क्लाउडवरची सेवा, तिन्ही चालतात. मी कारखान्यांना जागेवरचा डबा सुचवतो, कारण इंटरनेट तुटलं तरी गेट आणि शॉपफ्लोअर आपसात बोलू शकले पाहिजेत. कॉलेज रोडवरच्या एखाद्या पंधरा माणसांच्या ऑफिसला क्लाउड बरं. निर्णयाची खरी कसोटी वेगळी आहे: बिघाड झाला तर नाशिकमध्येच दोन तासांत येऊ शकणारा, ही प्रणाली येणारा माणूस आहे का? आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड तुमच्या हातात मिळणार का? दुसऱ्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर तो विक्रेता सोडा. पासवर्ड स्वतःकडं ठेवून कंपन्यांना वर्षानुवर्षं अडकवून ठेवलेलं मी पाहिलं आहे.

सातवी पायरी: नंबर आणि नियम लिहून काढा

एक्स्टेन्शनचे जुने नंबर शक्यतो तेच ठेवा. ३४ म्हणजे काटा, हे पंचवीस वर्षांचं पाठांतर मोडण्यात काही फायदा नाही. वाढवायचेच असतील तर पुढं एक आकडा लावा, ३४ चा १३४ करा.

बाहेरच्या डायलिंगमध्ये तीन गोष्टी हमखास चुकतात. पहिली: १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल फिरवताना आधी ० लावणं सक्तीचं आहे, तेव्हा माणसानं दहा आकडे फिरवले तरी सिस्टीमनं ० जोडावा असा नियम करा. दुसरी: ११२, १०१, १०८ हे नंबर कुठल्याही एक्स्टेन्शनवरून, बाहेरच्या लाइनीचा आकडा न लावताही लागले पाहिजेत, लॉक असलेल्या फोनवरूनसुद्धा. तिसरी: बाहेर फोन गेला की समोरच्याला कुठला नंबर दिसतो. मालिकेतला अनोळखी नंबर दिसला तर गिऱ्हाईक उचलत नाही. सगळ्यांना मुख्य नंबर दिसेल असं करा.

आयव्हीआरचं, म्हणजे "अमुकसाठी एक दाबा" सांगणाऱ्या आवाजाचं, स्वागत मराठीतून असू द्या आणि छोटं ठेवा. लासलगावहून फोन करणाऱ्या शेतकऱ्याला सहा पर्याय ऐकवू नका. तीन पुरे, आणि काहीच दाबलं नाही तर कॉल सरळ माणसाकडं जावा.

आठवी पायरी: कुलूप

जुन्या ईपीबीएक्सपर्यंत पोचायला चोराला भिंत ओलांडावी लागायची. आयपी पीबीएक्स इंटरनेटवर उघडा ठेवला तर काही तासांत जगभरातले प्रोग्रॅम त्याचा ५०६० पोर्ट (एसआयपीचं नेहमीचं दार) चाचपायला लागतात. द्वारकेजवळच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसमध्ये एक्स्टेन्शन १०१ चा पासवर्डही १०१ च होता. दिवाळीच्या सुट्टीत, ऑफिसला कुलूप असताना, त्या एक्स्टेन्शनवरून रात्रभर परदेशात कॉल गेले. बिल आल्यावर मालक माझ्यासमोर ते कागद उलटेपालटे करत बसले होते, ते मला विसरता येत नाही.

त्यामुळे हे करा, अपवाद न ठेवता: पीबीएक्सला सार्वजनिक आयपी देऊ नका. बाहेरून जोडायचं तर व्हीपीएनमधून (सुरक्षित खासगी जोडणीतून). प्रत्येक एक्स्टेन्शनला वेगळा, लांब, अर्थहीन पासवर्ड. आयएसडी ट्रंकवरच बंद करून घ्या, ज्याला लागतो त्यालाच पिनवर द्या. ऑपरेटरकडं खर्चाची मर्यादा लावता येत असेल तर लावा. फोनच्या वेबपेजचा कारखान्याहून आलेला पासवर्ड पहिल्या दिवशी बदला.

नववी पायरी: दोन्ही शेजारी-शेजारी चालवा

एका रविवारी सगळं उतरवून सोमवारी नवं सुरू, असं करू नका. जुना ईपीबीएक्स आणि नवा पीबीएक्स चार आठवडे एकत्र चालू ठेवा आणि मध्ये दोन-चार जोडण्यांचा पूल बांधा, म्हणजे जुन्या फोनवरून नवा आणि नव्यावरून जुना फिरवता येईल. आधी एकच विभाग हलवा. मी आयटी विभागापासून सुरुवात करत नाही, ते अडचण स्वतःच सोडवून गप्प बसतात. खरेदी विभाग निवडतो. त्यांचे फोन दिवसभर चालतात आणि काही बिनसलं की ते लगेच सांगतात.

जुन्या अ‍ॅनालॉग लाइनी एफएक्सओ गेटवेवर (बाहेरची जुनी लाइन आत घेणाऱ्या डब्यावर) घेतल्या असतील तर एक चाचणी जरूर करा. मोबाइलवरून त्या लाइनीवर फोन करा, बोला, आणि आधी मोबाइल ठेवा. गेटवेनं लाइन लगेच सोडली पाहिजे. सोडली नाही तर लाइन तशीच अडकून राहते आणि दुपारपर्यंत एकेक करत सगळ्या लाइनी गुंतलेल्या दिसतात. आपल्याकडचा एंगेज टोन ४०० हर्ट्झचा, पाऊण सेकंद चालू आणि पाऊण सेकंद बंद असा असतो. गेटवेमध्ये आधीपासून दुसऱ्या देशाचे आकडे भरलेले असतात, ते बदलून हे घाला.

ट्रंकवरून वेगवेगळ्या कंपन्यांच्या मोबाइलवर आत-बाहेर दोन्हीकडं फोन करा. बँकेच्या आयव्हीआरला फोन लावून आकडे दाबून बघा. ते तिकडं पोचत नसतील तर डीटीएमएफची (दाबलेल्या आकड्यांच्या सुरांची) सेटिंग ऑपरेटरशी जुळत नाही. एक कॉल पाऊण तास मुद्दाम चालू ठेवा. ठरावीक मिनिटांनी कॉल तुटण्याचा दोष छोट्या कॉलमध्ये दिसतच नाही. फॅक्स लागतच असेल तर टी.३८ (आयपीवरून फॅक्स पाठवायची पद्धत) सुरू करून पाच पानं पाठवून बघा. माझा सल्ला, फॅक्ससाठी जुनी एक लाइन ठेवा.

मग मेन स्विच पाडा. सगळ्यांना सांगून, भर दुपारी, खरंच पाडा. कुठला फोन गेला ते वहीत लिहा. त्यानंतर फायबर काढा आणि बघा, मुख्य नंबर मोबाइलवर वळतो का. या दोन चाचण्या कागदावर सही घेऊन करा, नाहीतर त्या पुढं ढकलल्या जातात आणि कधीच होत नाहीत.

ज्या दिवशी मुख्य नंबर नव्या सिस्टीमवर येईल त्या दिवशी ऑपरेटर मॅडमच्या शेजारी बसा. पूर्ण दिवस बसा. अंबडच्या त्या मॅडमना पन्नासेक गिऱ्हाइकं आवाजावरून ओळखू येत होती आणि हात न बघता कन्सोलवर फिरत होता. नव्या फोनवर ट्रान्सफरला एक बटण जास्त दाबावं लागत होतं आणि सकाळच्या पहिल्या तासात त्यांच्याकडून चार कॉल तुटले. त्यांचा चेहरा उतरला. आम्ही तिथंच फोनच्या बाजूच्या दिव्यांच्या बटणांवर त्यांच्या जुन्या क्रमानंच एक्स्टेन्शन लावली, एका दाबात ट्रान्सफर होईल असं केलं. दुपारी जेवणाच्या सुट्टीपर्यंत हात पुन्हा न बघता फिरायला लागला. हे ट्रेनिंगच्या पुस्तकात बसत नाही, पण सिस्टीम स्वीकारली जाते ती अशाच दुपारी.

शेवटी जुना डबा

नवी सिस्टीम नीट चालू लागल्यावरही ईपीबीएक्स तीन महिने जागेवर राहू द्या. त्यानंतर वापरात नसलेल्या लाइनी बंद करण्याचे अर्ज लेखी द्या, पोच घ्या, अनामत रक्कम परत मागा. न मागता ती बऱ्याचदा मिळत नाही. बॅटऱ्या आणि कार्डं भंगारवाल्याला न देता अधिकृत ई-कचरा घेणाऱ्याकडं द्या आणि पावती फाइलला लावा. चालू असलेलं कार्ड कुणा शेजारच्या कंपनीला हवं असेल तर त्यांना आधी विचारा. अजून तेच मशीन चालवणारे असतात आणि त्यांच्यासाठी ते कार्ड सोन्यासारखं असतं.

नव्या रॅकच्या दाराला आतून एक पारदर्शक खिसा चिकटवा. त्यात एक्स्टेन्शनची छापील यादी, साखळीचं चित्र, ऑपरेटरचा तक्रार नंबर, ट्रंकचा ग्राहक क्रमांक आणि यादीखाली तारीख. पासवर्ड तिथं नको, ते मालकाच्या कपाटात बंद पाकिटात. अंबडच्या त्या यादीत ३७ च्या पुढं आता लिहिलंय: जुनं पेंट शॉप, कॉम्प्रेसर, रात्रपाळी.